सामना स्वस्त झाला, म्हणून तिकीट महाग वाटतं

डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२,३०० प्रेक्षक मावतात. गेलिक फुटबॉलच्या चॅम्पियनशिपचा एखादा सामना तिथे वीस-पंचवीस हजार लोकांसमोर होतो, टीव्हीवर वरचा अख्खा मजला रिकामा दिसतो आणि आयर्लंडमध्ये ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते की गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, लोभी झाली आहे. तिकिटं वाढवत नेली आणि सामान्य माणसाला मैदानाबाहेर घालवलं. दुसरी बाजू म्हणते की एखाद्या गायकाच्या मैफलीला लोक याच्या कितीतरी पट पैसे मोजतात, त्या मानाने हे तिकीट काहीच नाही, आणि अंतिम सामन्याचं तिकीट तर वशिल्यानेही मिळत नाही. वर्षानुवर्षं हेच दोन युक्तिवाद एकमेकांसमोर उभे आहेत. दोघांचीही नजर तिकिटावर छापलेल्या आकड्यावर खिळलेली आहे, आणि म्हणूनच वाद पुढे सरकत नाही.

गेलिक फुटबॉलची गर्दी तिकिटाच्या दरामुळे ओसरलेली नाही. ज्या सामन्यांत काही पणाला लागलेलं नसतं, असे सामने संघटनेने वाढवत नेले आणि त्यांच्यासाठीही पूर्ण पैसे मागितले, म्हणून ती ओसरली. दराचा प्रश्न खरा आहे, पण तो गर्दीचा नसून न्यायाचा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न वेगळे केले नाहीत, तर तिकीट निम्म्यावर आणूनही मैदान रिकामंच राहील.

या खेळाची ओळख नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. दोन्हीकडे पंधरा खेळाडू, वरच्या पातळीवर सामना ७० मिनिटांचा, चेंडू हातात घेता येतो आणि पायानेही मारता येतो. इंग्रजी एच अक्षरासारख्या खांबांमध्ये आडव्या दांड्याखालून चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांड्यावरून गेला तर एक. २०२५पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळू लागले. पण नियमांपेक्षा महत्त्वाची आहे संघांची रचना. संघ काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा असतो. खेळाडू ज्या क्लबात वाढला त्या क्लबाकडून आणि त्या क्लबाच्या काउंटीकडून खेळतो. त्याला कोणी विकत घेत नाही आणि त्याला मानधनही नसतं. १८८४ साली टिपरेरीतल्या थर्ल्स गावी स्थापन झालेली ही संघटना आजही हौशी खेळाडूंच्या आणि गावोगावच्या स्वयंसेवकांच्या बळावर चालते. मैदानाची रेषा आखणारा, मुलांना शिकवणारा, लॉटरीची तिकिटं विकणारा आणि रविवारी काउंटीचा सामना पाहायला पैसे भरून जाणारा, हा बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

म्हणूनच दरवाढीवरचा राग समजून घ्यायला हवा. २०१९मध्ये ऑल-आयर्लंड, म्हणजे देशपातळीवरच्या चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्याचं स्टँडचं तिकीट ८० युरोंवरून ९० झालं आणि हिल सिक्स्टीन या उभ्याने सामना पाहायच्या टेरेसचं ४०वरून ४५. त्याच वर्षी राष्ट्रीय लीग या चॅम्पियनशिपआधीच्या साखळी स्पर्धेत वरच्या दोन विभागांचं तिकीट १५वरून २० युरोंवर गेलं. आगाऊ घेणाऱ्याला सवलत ठेवली, पण ऐनवेळी गेटवर येणारा तिला मुकला. पुढे अंतिम सामन्याचं तिकीट १०० युरोंवर पोचलं. आता घरातून निघण्यापासून हिशोब करू. केरीतल्या किलार्नीहून डब्लिन सुमारे ३०० किलोमीटर. डोनेगॉल काउंटीत तर रेल्वेच नाही. १९६०च्या दशकात तिथली शेवटची गाडी बंद झाली, तेव्हा मोटार किंवा बस हाच मार्ग. शनिवारी संध्याकाळचा थ्रो-इन, म्हणजे सामन्याची सुरुवात असेल तर सामना संपेपर्यंत पश्चिमेकडच्या गाड्या निघून गेलेल्या असतात. मग पेट्रोल, टोल, पार्किंग, दोन वेळचं खाणं, आणि मुक्काम करायचा तर मोठ्या सामन्याच्या रात्रीचे डब्लिनच्या हॉटेलांचे दर. या सगळ्यात तिकिटाचा वाटा अनेकदा निम्म्याहूनही कमी असतो. पण संघटनेच्या हातात असलेला भाग तेवढाच, त्यामुळे राग तिथेच निघतो. त्यात प्रेक्षक उन्हाळाभर आपल्या काउंटीमागे फिरला, तर हा खर्च एकदा होत नाही, पाच-सहा वेळा होतो.

दुसरी तक्रार पैशांपलीकडची आहे, आणि माझ्या मते जास्त गंभीर. कोविडनंतर काउंटी सामन्यांची रोख विक्री जवळपास बंद झाली. तिकीट ऑनलाइन घ्या, नाहीतर ठरावीक साखळी दुकानांतून. पूर्वी सत्तरीचा शेतकरी रविवारी जेवण आटोपून, हवा बघून, शेजाऱ्याला गाडीत घालून मैदानावर जायचा आणि फिरत्या दांड्यापाशी नोट पुढे करायचा. त्याच्याकडे कार्ड नाही, ईमेल नाही, मोबाइलवर क्यूआर कोड उघडायची सवय नाही. त्याला तिकीट महाग पडलं असं नाही. त्याला ते मिळवणंच जमेनासं झालं. पंधरा-वीस युरोंच्या लीग सामन्यासाठी आधी ठरवायला लावणं म्हणजे ऐनवेळी येणारा सगळा वर्ग गमावणं. संघटनेला यात फायदा आहे हे मान्य: रोकड सांभाळावी लागत नाही, किती लोक येणार हे आधी कळतं, सुरक्षारक्षक त्या हिशोबाने नेमता येतात. पण तो फायदा व्यवस्थापनाचा आहे, प्रेक्षकाचा नाही.

संघटनेची बाजूही पोकळ नाही. ती खासगी मालकाचा खिसा भरत नाही. मिळणाऱ्या प्रत्येक युरोतले ऐंशी सेंटांहून अधिक काउंट्यांकडे, क्लबांकडे, प्रशिक्षणाकडे आणि मैदानांकडे परत जातात, असं ती सांगते, आणि तिचे वार्षिक हिशोब प्रसिद्ध होतात. लीगच्या सामन्यांना मुलांना बहुधा मोफत प्रवेश असतो. खेळाडू हौशी असले तरी संघाची तयारी फुकट होत नाही: वैद्यकीय पथक, प्रवास, जेवणं, व्हिडिओ विश्लेषण, व्यायामशाळा यांवर काउंट्या दरवर्षी काही कोटी युरो खर्च करतात. अंतिम सामन्याची तिकिटं मुळात खुल्या बाजारात येतच नाहीत, ती क्लबांमार्फत वाटली जातात. १०० युरोंनाही मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे असते. तेव्हा दर वाढला म्हणून अंतिम सामन्याला एक खुर्चीही रिकामी राहिली, असं कोणाला म्हणता येणार नाही.

मग रिकाम्या खुर्च्या कुठून आल्या? काउंट्या आधी आपापल्या प्रांताच्या विजेतेपदासाठी खेळतात. त्यातल्या लेन्स्टर या डब्लिनच्या प्रांताचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हा प्रयोग जणू प्रयोगशाळेत केल्यासारखा घडला आहे. २०११ ते २०२४ अशी सलग चौदा वर्षं लेन्स्टरचं विजेतेपद डब्लिनकडे होतं. २०१९च्या अंतिम सामन्यात डब्लिनने १-१७ केले, म्हणजे एक गोल आणि दांड्यावरून मिळालेले १७ गुण, आणि मीथ काउंटीला ७० मिनिटांत एकही गोल न करता अवघे चार गुण जमले. त्याच काळात, २०१५ ते २०२०, डब्लिनने ऑल-आयर्लंडही सलग सहा वेळा जिंकलं. असा सामना पाहायला मीथमधल्या नॅवनहून किंवा लाउथ काउंटीतल्या डंडॉकहून कोणी का यावं? आणि डब्लिनकरानेही का यावं? निकाल माहीत असलेल्या सामन्याला दोन्हीकडचे प्रेक्षक गळतात, फक्त वेगवेगळ्या कारणांनी. मग २०२५ उजाडलं. उपांत्य सामन्यात मीथने डब्लिनला हरवलं आणि अंतिम सामना लाउथ आणि मीथ यांच्यात झाला. लाउथने १९५७नंतर एकदाही लेन्स्टर जिंकलं नव्हतं. २०१०च्या अंतिम सामन्यात याच मीथकडून, शेवटच्या क्षणी दिल्या गेलेल्या चुकीच्या गोलामुळे ते हरले होते, ती जखम भरलेली नव्हती. क्रोक पार्कमध्ये त्या दिवशी ६५,७८६ लोक आले. आदल्या वर्षी डब्लिन आणि लाउथ यांच्यातल्या अंतिम सामन्याला त्याच्या निम्मेही नव्हते. मैदान तेच, प्रांत तोच, स्पर्धा तीच, संघटनाही तीच. तिकीट काही एका वर्षात निम्म्यावर आलं नव्हतं. बदललं एवढंच की कोण जिंकेल हे कोणालाच माहीत नव्हतं.

हा अपवाद आहे असं म्हणणाऱ्यांनी अल्स्टर प्रांताकडे पाहावं. २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ हे चारही अंतिम सामने ७० मिनिटांत निकाली निघाले नाहीत. चारही वेळा जादा वेळ खेळावा लागला आणि त्यातल्या दोनदा पेनल्टीपर्यंत गोष्ट गेली. मोनॅहन काउंटीतल्या क्लोन्स या छोट्या गावातलं मैदान अशा सामन्याला गच्च भरतं. तिथे पोचायला रेल्वे नाही, अरुंद रस्त्यांवर तासन्‌तास रांगा लागतात, आणि तरी तिकीट मिळालं नाही म्हणून लोक हळहळतात. तिथल्या प्रेक्षकाचं उत्पन्न लेन्स्टरच्या प्रेक्षकापेक्षा जास्त आहे का? नाही.

आणि थोडं मागे गेलं तर याहून बोलकं उदाहरण सापडतं. १९९१च्या उन्हाळ्यात डब्लिन आणि मीथ लेन्स्टरच्या पहिल्याच फेरीत भिडले. सामना बरोबरीत सुटला. पुन्हा खेळवला, पुन्हा बरोबरी. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या सामन्यात मीथने एका गुणाने बाजी मारली. पहिल्या सामन्याला पन्नास हजारांवर आणि पुढच्या तिन्ही सामन्यांना प्रत्येकी साठ हजारांहून अधिक लोक आले, चारींची बेरीज सुमारे २ लाख ३७ हजार. ही अंतिम फेरी नव्हती, उपांत्यही नव्हती. तेव्हाचा आयर्लंड आजच्याइतका श्रीमंतही नव्हता. बेकारी होती, तरुण पोरं लंडन-बोस्टनला चालली होती. त्या परिस्थितीत लोकांनी एकाच उन्हाळ्यात चार वेळा तिकीट का काढलं? कारण त्या काळी चॅम्पियनशिप बाद पद्धतीची होती. एक सामना हरलात की वर्ष संपलं. २००१मध्ये हरलेल्या संघांसाठी मागचं दार उघडलं गेलं आणि तिथून ही धार बोथट व्हायला लागली.

मागचं दार उघडण्यामागचं कारण प्रामाणिक होतं, हे मात्र सांगायला हवं. थंडीपावसात महिनोन्‌महिने सराव करून मे महिन्यात एक सामना खेळायचा आणि घरी जायचं, हे खेळाडूंवर अन्यायकारक होतं. लहान काउंट्यांना जास्त सामने हवे होते, आणि जास्त सामने म्हणजे जास्त उत्पन्न हाही हिशोब होता. चूक त्या हिशोबात झाली. सामन्यांची संख्या वाढवली की गर्दीची बेरीज वाढेल, असं धरलं गेलं. पण सामना हरण्याची किंमत तितकीच कमी झाली, तर प्रेक्षक प्रत्येक सामन्याचं मोल त्या प्रमाणात कमी करतो. २०१८मध्ये शेवटच्या आठ संघांचे गट पाडून साखळी सामने सुरू केले; शेवटच्या फेरीपर्यंत काही संघांचं भवितव्य आधीच ठरलेलं असायचं आणि ते सामने औपचारिकता म्हणून खेळले जायचे. २०२३ ते २०२५ या काळात सोळा संघांचे चार गट होते. प्रत्येक गटातले चारपैकी तीन संघ पुढे जाणार. म्हणजे २४ सामने खेळवून बाहेर जाणार फक्त चार संघ. पहिला सामना हरा, दुसरा बरोबरीत सोडवा, तरी आशा जिवंत. मग सुज्ञ प्रेक्षक काय करणार? जूनमधला गटातला सामना टीव्हीवर पाहून पैसे बाद फेरीसाठी राखून ठेवणार. त्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. त्याने स्पर्धेची रचना संयोजकांपेक्षा नीट वाचली.

याच संघटनेच्या दुसऱ्या, काठी-चेंडूच्या खेळात, हर्लिंगमध्ये, २०१८पासून मन्स्टर प्रांतात साखळी पद्धत आली आणि तिथे उलट घडलं: मैदानं ओसंडून वाहू लागली. साखळी दोन्हीकडे होती, मग फरक कशाचा? मन्स्टरमध्ये पाच संघ आणि पुढे जाणार तीन. दहा सामन्यांत दोन संघ बाद. प्रत्येकाला दोन सामने घरच्या मैदानावर, दोन बाहेर, आणि पाचही संघ एकमेकांना हरवू शकतील अशा ताकदीचे. वॉटरफोर्डला २०२५पर्यंत त्या साखळीतून एकदाही पुढे जाता आलं नाही, पण कॉर्क किंवा टिपरेरीने त्यांना गृहीत धरलं तर स्वतःच घरी बसण्याची वेळ येते. प्रत्येक रविवारी कोणाचं तरी वर्ष संपण्याच्या बेतात असतं. तेव्हा साखळी वाईट आणि बाद फेरी चांगली असा सरधोपट निष्कर्षही चुकीचा आहे. किती सामन्यांमागे किती संघ बाहेर जातात आणि जिंकू शकणारे खरोखर किती, या दोन आकड्यांवर सगळं ठरतं.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६मध्ये बेसबॉलविषयी लिहिताना हेच मांडलं होतं: निकालाची अनिश्चितता हीच प्रेक्षकाला विकली जाणारी गोष्ट आहे. व्यावसायिक खेळांत असमतोल झाला तर तो मोडायची साधनं असतात. खेळाडू विकत घेता येतात, पगारावर मर्यादा घालता येते, तळाच्या संघाला नवे खेळाडू आधी निवडू देता येतात. गेलिक फुटबॉलमध्ये यातलं काहीच नाही, आणि असूही नये, कारण आपल्या मातीतला खेळाडू हाच या खेळाचा प्राण आहे. पण त्याचा परिणाम ओळखायला हवा. डब्लिन काउंटीची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात आणि लीट्रिमची पस्तीस हजार. हा असमतोल आपोआप कधीच मिटणार नाही. त्यात २००५नंतर डब्लिनच्या प्रशिक्षकांसाठी इतर काउंट्यांच्या कैकपट निधी गेला. राजधानीत सॉकर आणि रग्बीशी स्पर्धा होती, खेळ तिथे रुजवणं गरजेचं होतं, हे कारण खरं. पण तोच निधी लाउथ, लाँगफर्ड, विकलो यांना लोकसंख्येच्या प्रमाणात का मिळू नये, याचं समाधानकारक उत्तर कधी आलं नाही. लेन्स्टरच्या रिकाम्या खुर्च्यांचा शोध तिकीटखिडकीपेक्षा या निधीवाटपात घ्यायला हवा.

तिकीट स्वस्त केलं की लोक येतात, या समजुतीचं उत्तर याच संघटनेच्या इतिहासात आहे. प्रांतांच्या संघांची रेल्वे कप ही स्पर्धा एकेकाळी सेंट पॅट्रिक दिनाचं मोठं आकर्षण होती. १९५४मध्ये तिच्या अंतिम सामन्यांना क्रोक पार्कवर ४९ हजारांवर लोक आले होते. देशातले सर्वोत्तम खेळाडू एकत्र पाहायची ती एकमेव संधी होती. पुढे टीव्ही आला, काउंटी सामने वाढले, तेच खेळाडू वारंवार दिसू लागले, आणि स्पर्धा जिंकून-हरून कोणाचं काही बदलत नाही हे सगळ्यांना कळून चुकलं. मैदानं बदलली, तारखा बदलल्या, परदेशातही सामने नेऊन पाहिले, पण गर्दी परतली नाही. २०१६नंतर ती नियमित स्पर्धाच थांबली. मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. दुलीप करंडकाची हीच गत झाली, आणि रणजी सामन्यांना तर आपल्याकडे बहुधा फुकटच आत जाता येतं. तरीही स्टँडमध्ये बोटांवर मोजण्याइतकी माणसं. जानेवारी २०२५मध्ये विराट कोहली दिल्लीकडून रेल्वेविरुद्ध खेळायला उतरला तेव्हा त्याच फुकट स्टँडसाठी पहाटेपासून रांगा लागल्या. तिकीट एरवीही शून्यच होतं.

टीव्ही आणि वेळापत्रक यांवरचे आक्षेप इथे थोडक्यात घेतो, कारण त्यांत तथ्य आहे पण ते मूळ कारण नाहीत. काही सामने पैसे भरून ऑनलाइन पाहायच्या सेवेवर गेले, त्यावर २०२३मध्ये राजकारण्यांपर्यंत ओरड झाली. ती ओरड हर्लिंगच्या मोठ्या सामन्यांवरून होती, आणि ते सामने मैदानावर भरत होते. म्हणजे पडद्यामुळे मैदान रिकामं झालं असं म्हणता येत नाही. २०२२पासून काउंटी हंगाम जुलैत संपवून पुढचे महिने क्लबांना दिले गेले. क्लबच्या खेळाडूंसाठी हा निर्णय वरदान ठरला आणि तो मागे घेऊ नये. पण सगळे सामने थोड्या आठवड्यांत कोंबल्यामुळे एकाच कुटुंबाला लागोपाठच्या शनिवार-रविवारी खर्च करावा लागतो. त्यात २०२५पर्यंत रविवारी गट संपायचे, सोमवारी सकाळी रेडिओवर सोडत, आणि पुढच्याच शनिवारी दोनशे किलोमीटर दूर सामना. पाच दिवसांत रजा, गाडी, मुलं आणि मुक्काम जुळवणं ज्याला परवडायचं तोच यायचा.

मग तिकिटाचा दर महत्त्वाचा नाही का? आहे, आणि तिथेच न्यायाचा प्रश्न येतो. २०१६मध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध हजारो प्रेक्षक ७७व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. मैदान त्या दिवशी भरलेलंच होतं. त्यांची तक्रार ‘आम्हाला येता येत नाही’ अशी नव्हती. ‘आमच्या येण्याचा तुम्ही गैरफायदा घेता’ अशी होती. क्लबच्या मालकांनी काही दिवसांत माघार घेतली आणि पुढच्याच महिन्यात इंग्लंडच्या प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा ठरवली. जीएएच्या बाबतीत ही तक्रार कितीतरी अधिक वजनदार आहे, कारण इथे प्रेक्षक ग्राहक नाहीच, तो सभासद आहे. ज्याने वर्षभर फुकट राबून तो खेळाडू घडवला, त्याच्याकडून निरर्थक सामन्याचे पूर्ण पैसे घ्यायचे आणि वर ‘बाजारभाव बघा’ म्हणायचं, हे संघटनेच्या स्वतःच्या तत्त्वात बसत नाही.

व्यवहारात काय करता येईल? पहिली गोष्ट मैदानाची. २०१८मध्ये किल्डेअर आणि मेयो यांचा बाद सामना किल्डेअरच्या न्यूब्रिजमधल्या छोट्या मैदानाऐवजी क्रोक पार्कला हलवायचं ठरलं. किल्डेअरने साफ नकार दिला: सामना न्यूब्रिजमध्ये होईल, नाहीतर होणारच नाही. संघटनेला नमतं घ्यावं लागलं. आठ हजारांच्या आसपास लोकांनी ते मैदान तुडुंब भरलं आणि किल्डेअर जिंकलं. हाच सामना क्रोक पार्कवर झाला असता तर कदाचित त्याच्या दुप्पट तिकिटं विकली गेली असती आणि तरी तीन चतुर्थांश मैदान रिकामं दिसलं असतं. तिकिटाची टंचाई हीदेखील लोकांना खेचते. आज नाही घेतलं तरी गेटवर मिळेलच हे माहीत असलं की माणूस ठरवणं पुढे ढकलतो आणि शेवटी घरी राहतो. पंचवीस हजारांखाली गर्दी अपेक्षित असेल तर तो सामना काउंटीच्या मैदानावर द्यावा, आणि उपांत्यपूर्व फेरीआधी क्रोक पार्कचं दार उघडूच नये. एका तिकिटात दोन सामने दाखवण्याची पद्धतही तपासावी: चार काउंट्यांचे प्रेक्षक येतात, पण पहिल्या सामन्याचे अर्धे दुसऱ्याआधी निघून जातात आणि दुसऱ्याचे उशिरा येतात, त्यामुळे दोन्ही सामने अर्ध्या मैदानासमोर होतात.

दुसरी गोष्ट दराची उतरंड. आज ती साधारण फेरीनुसार चढते, पण पायथ्याची पायरीच उंच आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांचं तिकीट १० युरोंवर आणून मुलांना सर्वत्र मोफत केलं, तर होणारा तोटा अंतिम आणि उपांत्य सामन्यांच्या कॉर्पोरेट जागांवर थोडा भार टाकून भरून काढता येईल. त्या जागांना दराची फिकीर नसते. हिल सिक्स्टीनचं तिकीट मात्र वाढवू नये. ती जागा विद्यार्थ्यांची, कामगारांची, गावाहून गटाने येणाऱ्या पोरांची आहे, आणि मैदानाचा आवाज तिथूनच उठतो. तिसरी गोष्ट, लीग आणि प्रांतीय स्पर्धेच्या प्रत्येक मैदानावर रोख पैसे घेणारं एक तरी गेट असावं. अमुक टक्के तिकिटं गेटसाठी राखून ठेवली तर गर्दीच्या सुरक्षेचा हिशोबही बिघडत नाही.

रचनेच्या बाबतीत संघटनेने अखेर पाऊल उचललं आहे. २०२५च्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संघटनेच्या वार्षिक सभेत, गट पद्धत रद्द करून २०२६पासून सुरुवातीच्या फेऱ्यांत दोन पराभव झाले की बाहेर, अशी मांडणी मंजूर झाली. २०२२पासून दुसऱ्या फळीच्या काउंट्यांसाठी टेल्टन कप आहे. पहिल्या चार वर्षांत तो वेस्टमीथ, मीथ, डाउन आणि किल्डेअर अशा चार वेगवेगळ्या काउंट्यांनी जिंकला, आणि यातल्या मीथने पुढे दोन वर्षांत डब्लिनला हरवून दाखवलं. नवे नियमही खेळ मोकळा करणारे आहेत. निधीवाटप, मैदान, दर आणि रोख गेट हे प्रश्न मात्र अजून सुटलेले नाहीत. हे निर्णय वरच्या कार्यालयात होतात असं मानून गप्प बसायचं कारण नाही. जीएएमध्ये कोणताही क्लब आपल्या काउंटीच्या डिसेंबरातल्या अधिवेशनात ठराव मांडू शकतो. काउंटीने तो उचलला तर तो फेब्रुवारीतल्या काँग्रेसपुढे जातो आणि नियम बदलायला तिथे साठ टक्के मतं लागतात. न्यूब्रिजसाठी किल्डेअर एकटं उभं राहिलं होतं. सुरुवातीच्या फेऱ्यांचं १० युरोंचं तिकीट आणि रोख गेट यांचे ठराव दहा-बारा काउंट्यांतून एकाच वर्षी आले, तर त्यांना बाजूला सारणं संघटनेला कठीण जाईल.